दादाच्या नावाचे हप्ते

कोर्टाच्या हिशेबात माझा भाऊ काल मेला.

आमच्या हिशेबात आठ वर्षांपूर्वी.
आणि आईच्या हिशेबात तो अजून बोटीवरच आहे.

दादा मुरूडकडच्या आमच्या कोळीवाड्यातून दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून जायचा. मासेमारीला जातानाही शर्टाला सेंट मारायचा. मी हसले की म्हणायचा, "मासलीला पन कललं पायजे, कोन आलाय तो!"

आठ वर्षांपूर्वी बोट खोल समुद्रात असताना सकाळी बाकीचे उठले, तर दादा बोटीवर नाही.
पडताना कोणी बघितलं नाही. खूप शोधलं, पोलीस झाले, काही हाती लागलं नाही.

बोट मात्र सुखरूप धक्क्याला लागली. तिच्यावर बँकेचं कर्ज होतं म्हणून तिचा विमा होता. दादाच्या विम्याहून कितीतरी मोठा.

हो, दादाचाही होता. छोटासा.

भाची, म्हणजे दादाची मुलगी, झाली तेव्हा काढलेला. एजंट घरी येऊन जीव तोडून सांगत होता, समुद्रावरचं काम आहे, घरात कमावणारा तू एकटा, जरा मोठी रक्कम घे.
दादा म्हणाला, "येवढी किंमत लावलीस तं बायको एक दिवस मना बोटीवरून ढकलंल!"
आम्ही सगळे हसलो. वहिनीला तर चहाचा ठसका लागला.
विषय तिथेच संपला. झेपेल तेवढ्या हप्त्याची पॉलिसी घेतली. तेव्हा ती रक्कमसुद्धा आम्हाला खूप वाटली होती.

दादा गेल्यावर वहिनीला घेऊन मी विमा ऑफिसात गेले.
"बॉडी मिळाली का?"
"नाही."
"मग मृत्यूचा दाखला?"
"तो कुठून आणू?"

साहेब वाईट नव्हते. बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, शांतपणे समजावलं. माणूस बेपत्ता असेल तर सात वर्षं थांबायचं. मग कोर्टाकडून मृत घोषित करून आणायचं. तोपर्यंत हप्ते भरत राहायचे, नाहीतर पॉलिसी बंद पडेल.
"अहो, पण माणूस गेलाय ना!" मी ओरडलेच.
"मॅडम, कागदावर नाही गेलेला."

बोलताना त्यांची नजर वहिनीच्या मंगळसूत्रावर होती.

पण ते तिला काढू कोण देणार? आईने पहिल्याच दिवशी घरात सांगून टाकलं होतं, "लग्नात माज्या उजव्या हातच्या बांगड्या दर्याला दिल्या मी. दर्या माजा पोऱ्या घेनार नाय."
जुन्या बायकांची ही रीत आमच्यात. घरच्या पुरुषांना समुद्राने सांभाळावं म्हणून नवरीच्या एका हातातल्या बांगड्या त्याला द्यायच्या. त्यांचा विमा तोच.

मग वहिनी कुंकू लावून बाजारात सुकट विकायला बसली, आणि त्या पैशातून गेलेल्या नवऱ्याचे हप्ते भरत राहिली. लोक मागून बोलायचे. नवरा गेलाय म्हणते, मग नटते कशाला?

मला संताप यायचा. काढायचा कोणावर? साहेब नियम सांगत होते. आई ती आई. आणि समुद्रापुढे ओरडून घसा बसतो, एवढंच.

सात वर्षं झाली, मग केस टाकली. तारखांवर तारखा. त्यात भाचीचा नर्सिंगला नंबर लागला आणि पैशाअभावी सोडावा लागला. यंदा तिने परत फॉर्म भरलाय.

वकील म्हणाले, आई वारस आहेत, त्यांची साक्ष होणार. मुलगा जिवंत आहे म्हणाल्या तर सगळं लटकलं.

आईशी हे बोलायची कोणाची छाती होती? वहिनीने हातच जोडले. "मी नाय सांगनार आयेला. तिचा पोऱ्या हाय तो."

साक्षीच्या दिवशी आई स्वतःच तयार होऊन रिक्षात येऊन बसली. ती काय बोलणार, कोणालाच माहीत नव्हतं.

कोर्टात वकिलांनी विचारलं, "आजी, इतक्या वर्षांत मुलाचा फोन, निरोप, काही आलं?"
आईने वहिनीकडे बघितलं. मग मागे बसलेल्या नातीकडे.
"नाय."
"कोणाला दिसला, भेटला, असं काही कानावर?"
"नाय."
"तो जिवंत असेल असं वाटतं तुम्हाला?"

मला वाटलं, झालं. आता संपलं सगळं.

आईने पदर तोंडाशी धरला.
"नाय वाटत."

बाहेर आल्यावर वहिनी तिला धरायला गेली. आईने हात झटकला.
"माज्या तोंडानं माजा पोऱ्या मारायला लावला तुमी मना."

तेव्हापासून ती आमच्याशी धड बोललेली नाही. जेवते, झोपते, समोर बसून असते. मी काय करू, कळत नाही.

काल निकाल आला. क्लेमचे पैसे कधी येतील माहीत नाही. आले तरी पोरीचं अर्धं शिक्षण होईल. पुढचं कसं करायचं? एवढ्याशा रकमेसाठी वहिनी आठ वर्षं झिजली, आणि आईला ते बोलावं लागलं.

घरात कमावणारा एकच असेल तर पुरेल एवढा विमा काढा रे. प्लीज. आमच्यासारखं हसण्यावारी नेऊ नका. यापलीकडे शहाणपणा शिकवायचं त्राण माझ्यात नाही.

दादा, आईवर रागावू नकोस. ती कोर्टात खोटं बोलली. तुझ्या पोरीसाठी बोलली.

तुला श्रद्धांजली. माझ्याकडून आणि वहिनीकडून.
आईचं नाव यात घालत नाही.