पांढऱ्या ठिपक्यांचे बोल्ट

गॅरेजच्या गल्लीत त्याला सगळे मोजपट्टी म्हणायचे, आणि गंमत अशी की मोजपट्टी त्याने जन्मात हातात धरली नव्हती. मोटारसायकलच्या क्लचचा एखादा बोल्ट तुटला की तो जुन्या बोल्टांचा डबा पालथा करायचा. चांगला राहिलेला बोल्ट काचेवर डोक्यावर उभा करायचा, शेजारी डब्यातला एकेक लावायचा आणि दोघांच्या टोकांवरून अंगठा फिरवायचा. केसाएवढा फरक असला तरी अंगठा अडायचा. मग क्लचचे चारही बोल्ट एका मापाचे बसवून प्रत्येकाच्या डोक्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यायचा. ती त्याची सही. "आता हे उघडायचं काम नाही," म्हणत झाकण लावायचा.

गेल्या वर्षापासून अंगठा अडेनासा झाला होता. बोटांची टोकं बधिर झाली होती. चहा गरम आहे हे जिभेला चटका बसल्यावर कळायचं. त्याने कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. बायकोला नाही, आणि गॅरेज सांभाळणाऱ्या मुलाला तर मुळीच नाही. बोल्ट निवडता येत नसेल तर या माणसाने गॅरेजात करायचं काय, माश्या मारायच्या? या धास्तीने तो काचेवर अंगठा फिरवत राहिला आणि बोल्ट अंदाजाने उचलत राहिला. मुलगा गिऱ्हाइकांसमोर म्हणायचा, "बाबांच्या हाताला तोड नाही." म्हातारा लगेच हरभऱ्याच्या झाडावर चढायचा. आपण सगळ्यांना छान फसवलं, असं त्याला वाटायचं.

त्या दिवशी बेकरीवाल्याची गाडी आली. क्लच घसरत होता. उघडून पाहिलं तर एका बोल्टचं डोकं उडालेलं. मुलगा सुटे भाग आणायला गेला होता आणि बोल्टांचा डबा जागेवर नव्हता. शोधता शोधता मोजपट्टीने मुलाच्या टेबलाचा खालचा खण ओढला.

खण बोल्टांनी भरलेला होता. चार-चार बोल्टांच्या जुड्या तारेने बांधलेल्या, आणि प्रत्येक डोक्यावर पांढरा ठिपका.

त्याने एक जुडी सोडून काचेवर उभी केली आणि अंगठा न फिरवता खाली वाकून डोळा लावला. तीन सारखे होते, चौथा दोन आटे लांब. लांब बोल्ट भोकाच्या तळाला टेकतो, हाताला घट्ट लागतो, पण स्प्रिंग सैलच राहते. हे मुलाला त्यानेच शिकवलं होतं. त्याने दुसरी जुडी सोडली. तिसरी सोडायचं धाडस झालं नाही.

रोज दुपारी तो घरी जेवून आडवा व्हायचा. उठायला लागला की बायको म्हणायची, "पडा अजून जरा, ऊन उतरू द्या." तेवढ्या वेळात इकडे मुलगा झाकणं उघडून त्याने बसवलेले बोल्ट बदलत होता. म्हणजे तिलाही ठाऊक होतं. त्याला संताप आला. चुकलो याचा कमी, आणि तान्ह्या पोरासारखं आपल्याला वर्षभर खेळवलं याचा जास्त.

मुलगा परतला तेव्हा बाप बेकरीवाल्याच्या गाडीपुढे बसून शेवटचा ठिपका देत होता.

"निवडले बोल्ट, बाबा?"

"निवडले."

"मग काळजीच नको," मुलगा बेकरीवाल्याला म्हणाला. "बाबांचा अंगठा फिरला की झालं."

मोजपट्टीने हात पुसले, चपला पायात सरकवल्या.

"जेवायला जातो," तो म्हणाला. "बोल्ट नुसते बोटांनी फिरवलेत, पाना लावला नाही. तुला परत उघडताना उगाच त्रास नको."

मुलाने टेबलाकडे पाहिलं. खालचा खण उघडाच होता.

बाहेर ऊन तापलं होतं. घरी बायकोने त्याची चटई अंथरून ठेवली असणार होती.