उन्हाचे तडे

आमच्या घरमालकांइतका उन्हावर विश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या सोलापुरात सापडणार नाही. एप्रिलमध्ये सारं शहर दारं लावून बसायचं, तेव्हा हे साठीतले चित्रकार डोक्याला ओला पंचा गुंडाळून गच्चीवर उकिडवे बसलेले असत. समोर लाकडी फळी. तिच्यावर पांढऱ्या सिमेंटचा थर, त्यात शेजारच्या यंत्रमागाखालून वेचून आणलेले सुताचे गुंते, ज्वारीचा भुसा, चिंचेची टरफलं, आणि वरून डोळे मिटून शिंपडलेला रंग. डोळे का मिटायचे, असं विचारलं तर म्हणाले, "उघडे ठेवले की हात शहाणपणा करतो." एकदा माझ्या ताटातली जळकी मिरची त्यांनी रीतसर परवानगी मागून नेली. मी वैराग गावचा, घरातला पहिलाच कॉलेजात गेलेला. त्या मिरचीचा अर्थ मी आठवडाभर शोधत होतो. "अर्थ कसला? काळी झकास जळलीय," ते म्हणाले. मग फळी उन्हात तापायची आणि तडकायची. ते तडे म्हणजेच चित्र. "काम ऊन करतं, मी नुसती सही करतो."

अशा माणसानं मला वरची खोली दिली होती, अभ्यासाला आपलं टेबल दिलं होतं. त्यांच्यापुढे कमी दिसू नये म्हणून मी सांगितलं होतं, वडील सरकारी इंजिनिअर आहेत. वडील गवंडी होते.

एक फळी प्रदर्शनाला जायची होती. आदल्या दुपारी मालक आणि मी एकदमच जिना चढलो, तर गच्चीवर वडील थापी पुसत उभे. मला भेटायला आले होते. दीड महिना तापलेल्या फळीवरचे सगळे तडे त्यांनी घरातल्याच सिमेंटनं बुजवून टाकले होते.

"लई तडं गेल्ती. म्हटलं, तेवढंच मालकाचं काम हुईल," ते खुशीत म्हणाले.

मालकांचा चेहरा उतरला. "कोण हे?"

"गवंडी आहेत," मी म्हणालो. "गावाकडच्या ओळखीचे."

वडिलांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. "व्हय मालक. चूक झाली."

मालक खाली बसले. फळीवरून बराच वेळ तळवा फिरवत राहिले. "हात फार साफ आहे तुमचा," म्हणाले, आणि मला चहासाठी दूध आणायला पिटाळलं. चहा पिऊन वडील एसटीला गेले. फळी तशीच प्रदर्शनाला गेली.

पदवीचा निकाल लागला त्या दिवशी मी मालकांना खरं सांगितलं. ते सूत सोडवत होते. मान वर न करता म्हणाले, "ठाऊक आहे. तू दुधाला गेलास तेव्हा त्यांनी विचारलं, वरचं पोरगं येळेवर जेवतंय का. परक्या गवंड्याला काय पडलंय रे?"

वडील अजूनही फोनवर आधी मालकांची खुशाली विचारतात. त्या दुपारबद्दल मात्र आम्ही बोलत नाही.