बसऱ्याचं काळं लिंबू

सासूबाई माघात गेल्या आणि तेव्हापासून माझ्या सासऱ्यांचं जेवण तुटलं. ताटावर बसायचे, दोन घास घ्यायचे, "झालं" म्हणायचे आणि हात धुवायला उठायचे. मी लग्न होऊन बदलापूरला आले त्याला तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. घरात आता तीनच माणसं उरली, मी, माझे यजमान आणि मामंजी. यजमान अंबरनाथला कारखान्यात, सकाळी गेले की संध्याकाळी यायचे. म्हणजे दिवसभर मी रांधायचं आणि मामंजींनी ते ताटात तसंच ठेवायचं. माझं तोंड पहिल्यापासून फटकळ. आधी काही दिवस गप्प राहिले, मग भांडी जरा जोरात ठेवू लागले, मग सरळच विचारलं, माझ्या हातचं गोड लागत नाही का म्हणून. ते म्हणाले, चांगलं आहे पोरी. आणि ते चांगलं असलेलं ताट बाजूला सरकवलं.

वैशाखापर्यंत त्यांच्या गळ्याची हाडं वर आली. सदरा खुंटीवर टांगल्यासारखा अंगावर लोंबायचा. वैद्यांना दाखवलं, तर ते म्हणाले दुखणं काही नाही, खायला घाला. जसं काही मी कुलूप लावून ठेवलं होतं.

त्यात यजमानांच्या बरोबरच्या एका कामगाराने बातमी आणली. मामंजी आठवड्यातून एकदा काकड्या, शिराळी घेऊन उल्हासनगरच्या कॅम्पात विकायला जायचे, ते मला ठाऊक होतं. पण भाजी विकून झाली की ते कॅम्प एकात एका सिंध्याच्या हॉटेलात तास तास बसतात, हे काही मला ठाऊक नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरचं ताट सरकवायचं आणि हॉटेलात जाऊन जेवायचं? मी दोन दिवस त्यांच्याशी अबोला धरला. त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं, कारण ते स्वतःच दिवसाला चार शब्द बोलायचे.

मग आषाढ लागला. एके दिवशी सुकट काढायला मी माळ्यावर चढले, तर आढ्याला, अगदी मागच्या अंगाला, लाल चिंधीत बांधलेलं काहीतरी टांगलेलं. सोडून बघते तर लिंबं. अकरा लिंबं, काळी ठिक्कर, वाळून दगड झालेली. एक हलवलं तर आत काहीतरी खुळखुळलं. लाल चिंधी, काळी लिंबं, आणि घरातला कर्ता माणूस अन्नाला शिवत नाही. आमच्याकडे एवढं दिसलं की कुणाला विचारायला जावं लागत नाही. कुणीतरी करणी केली होती.

कुणी केली तेही मी दोन पायऱ्या उतरेपर्यंत ठरवून टाकलं. आमच्या शेजारणीचं आणि सासूबाईंचं बांधावरून वाकडं होतं, आणि तिच्या परसात लिंबाचं झाड होतं. आणखी काय पुरावा पाहिजे? मी कुंपणाशी उभी राहून तिला ऐकवायचं ते सगळं ऐकवलं. ती बिचारी हातात सूप धरून नुसती बघत राहिली. मग मी घरात आले आणि ती अकराच्या अकरा लिंबं चुलीत घातली. तिठ्यावर टाकली असती तर दुसऱ्या कुणाला बाधली असती.

धूर उठला तो आंबट, कडसर, संत्र्याची साल जाळावी तसा. ओटीवर बसलेले मामंजी उठून थेट स्वयंपाकघरात आले. मी चुलीपाशी असताना ते कधी आत पाऊल टाकत नसत. आले आणि चुलीपुढे उकिडवे बसून जळत्या निखाऱ्यात हात घालायला निघाले. मी त्यांचं मनगट धरलं.

"करणी नाय गं ती, पोरी," ते म्हणाले. "खायची होती ती."

ते रागावले असते तर बरं झालं असतं, मीही चार शब्द बोलले असते. पण ते तिथेच पाटावर बसले आणि सगळं सांगितलं. मामंजी तरुणपणी, जर्मनीच्या पहिल्या लढाईत, सरकारची खेचरं हाकायला बसऱ्याला गेले होते, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. तिथे त्यांनी कसलंसं जेवण जेवलं होतं, त्याची गोष्ट ते कधीमधी काढायचे. पण सासूबाई ती पुरी होऊच द्यायच्या नाहीत. "आले बसऱ्याचे शेट," म्हणायच्या, आणि घर हसायचं. मीही हसायचे. त्या दिवशी पहिल्यांदा ती गोष्ट मी शेवटपर्यंत ऐकली.

बसऱ्याला त्यांना ताप आला होता. पंधरा दिवस पोटात काही ठरेना. छावणीच्या फाटकाशी एक म्हातारी बाई मोठं पातेलं घेऊन बसायची. तिने यांना ओढतच खाली बसवलं आणि पुढे वाडगा ठेवला. मटणाचा पातळ रस्सा, त्यात हरभरे, त्यात कुस्करलेली रोटी आणि वर तरंगणारं एक काळं लिंबू. तश्रीब म्हणतात त्याला. हे खाईनात, तर ती आपल्या भाषेत ओरडत राहिली. भाषा एक अक्षर कळत नव्हती, पण शिव्या आहेत एवढं कळत होतं. मग यांनी खाल्लं, आणि ते पोटात ठरलं. परत आल्यावर बायकोला ही गोष्ट सांगितली, तर ती म्हणाली, काळं पडलेलं लिंबू कोण खातं, तापात काहीतरी बघितलं असेल. तीस-पस्तीस वर्षं ती हेच म्हणत राहिली आणि तेच म्हणत गेली.

तिचं तेरावं झाल्यावर पहिल्यांदा ते कॅम्पात भाजी घेऊन गेले, तेव्हा त्यांना ते हॉटेल दिसलं. पाटीवरची अक्षरं उलटीकडून लिहिलेली, बसऱ्याच्या दुकानांवर असायची तशी. वाचता येत नव्हती, पण पाय थबकले. आत जाऊन त्यांनी हॉटेलवाल्याला मोडक्या हिंदीत विचारलं, तुम्ही बसऱ्याचे का? तो सिंधी म्हातारा हसला. तो होता कराचीचा, पण ऐन उमेदीची कितीतरी वर्षं एका सिंधी व्यापाऱ्याच्या बसऱ्यातल्या पेढीवर स्वयंपाकी होता. फाळणीत सगळं सोडून कॅम्पात आला आणि हे हॉटेल टाकलं. तश्रीब? येते की, तो म्हणाला.

"पंधरा दिवस आधी ते हॉटेल दिसलं असतं तर तिला हाताला धरून नेलं असतं," मामंजी म्हणाले. मी उगीचच चूल सारखी करत बसले.

पण हॉटेलवाल्याकडे काळं लिंबू नव्हतं. पूर्वी बसऱ्याहून कराचीला यायचं, आता कुठलं काय. चिंच घालून त्याने एकदा करून बघितलं, दोघांनी चाखलं आणि दोघांनी माना हलवल्या. मग त्याने यांना कृती सांगितली. लिंबं मिठाच्या पाण्यात उकळायची आणि आतलं बी खुळखुळेपर्यंत उन्हात वाळवायची. यांनी ती शेतावरच्या मांडवावर दीड महिना वाळवली आणि पाऊस यायच्या आत घरी आणून टांगून ठेवली. घरात सांगितलं नाही, कारण पुन्हा कुणी हसायला नको होतं. आखाडात, मटण चालतं तोवर, घेऊन जायचं ठरलं होतं. ती लिंबं आता चुलीत होती.

मी कपाळावर हात मारून घेतला. एकदा श्रावण लागला की आमच्या घरात मटण बंद, ते थेट दसरा होईपर्यंत. आणि या माणसाची अवस्था अशी की दसऱ्यापर्यंत टिकतो की नाही याचीच मला भीती. यजमान म्हणाले, पावसात लिंबं वाळणार कशी, जाऊ दे, पुढच्या उन्हाळ्यात बघू. मी त्यांना म्हटलं, तुम्ही तुमचा कारखाना बघा.

चुलीच्या वर आमची बांबूची मांडणी होती. पावसाळ्यात ओली लाकडं, बियाणं, सगळं तिच्यावरच वाळायचं. लिंबं का नाही वाळणार? पण लिंबं आणायची कुठून? गावात त्या दिवसांत लगडलेलं झाड एकच होतं, आणि ते कुणाच्या परसात होतं हे मी वर सांगितलंच आहे. गेले. पदर सावरून, मान खाली घालून गेले. शेजारणीने लिंबं दिली, टोपलीभर दिली, पण आधी माझी पुरती हजेरी घेतली. तिचा हक्कच होता.

उकळून मांडणीवर ठेवली. चुलीत दिवसभर गोवऱ्यांची मंद धग ठेवायची, जाळ मोठा करायचा नाही. स्वयंपाकघरात नुसता धूर कोंडायचा, माझे डोळे सुजले. मामंजी आता रोज सकाळी आत यायचे, एकेक लिंबू खाली घेऊन कानाशी हलवायचे आणि परत ठेवायचे. जेवण मात्र दोनच घास. काही लिंबं फुटली, काहींना बुरशी आली ती फेकली. अमावास्येला तीन दिवस राहिले तेव्हा पाच लिंबं काळी होऊन खुळखुळत होती. मी ती पदराच्या गाठीला बांधली आणि मामंजींना म्हटलं, चला.

कल्याणला उतरून टांग्याने कॅम्पात गेलो. मी जन्मात हॉटेलात पाऊल टाकलं नव्हतं. ते म्हणजे मिलिटरीच्या जुन्या बराकीतली एक खोली, गोणपाटाचा आडोसा, पलीकडे भट्टी, अलीकडे दोन बाकडी. बसायच्या आधीच पापड आणि पाणी पुढे आलं. हॉटेलवाला मामंजींच्याच वयाचा, पांढरा लेंगा, हातावर भाजल्याचे डाग. मी गाठ सोडून लिंबं दिली. त्याने एक हुंगलं, हलवलं, परत हुंगलं. धुराचा वास लागलाय म्हणाला. मग त्याने सुरीच्या टोकाने प्रत्येकाला भोक पाडलं आणि आडोशाआड गेला. दीड-दोन तास लागले. सासऱ्यांसमोर बाकावर कसं बसायचं म्हणून मी उभीच होते, तर तो बाहेर येऊन म्हणाला, बेटी, माझ्याकडे कुणी उभं राहत नाही. मग बसले, तोंड भिंतीकडे करून.

वाडगा आला. रस्सा, हरभरे, कुस्करलेली रोटी, वर काळं लिंबू. मामंजींनी ते चमच्याने दाबलं, आतला रस सोडला, आणि एक घास घेतला. मग दुसरा. आणि थांबले.

घरच्यासारखंच, दोन घास. एवढा धूर खाल्ला, शेजारणीचं ऐकून घेतलं, आणि शेवटी हेच. हॉटेलवालाही आडोशापाशी हात पुसत उभा राहिला होता. मामंजींनी वाडगा उचलला आणि माझ्यापुढे ठेवला.

"हे मला नव्हतं गं खायचं. तिला चाखवायचं होतं. जन्मभर मला थापाड्या म्हणाली," ते म्हणाले. "आता घरातली बाई तूच. खाऊन बघ, आणि खरं काय ते सांग."

सासऱ्यांच्या उष्ट्या वाडग्यातून, त्यांच्यासमोर, परक्याच्या हॉटेलात मी घास घेतला. आधी मटणाची गोडी लागली, मग आंबट, आणि मागाहून एक कडवटपणा, काढ्यासारखा, जिभेच्या मुळाशी चिकटून बसणारा. आणखी एक घास घेतला, नीट कळावं म्हणून. कडूच लागला. छान आहे म्हणून मोकळं होता आलं असतं. पण छान आहे का, असं त्यांनी विचारलंच नव्हतं.

"खरं आहे, मामंजी," मी म्हटलं. "अगदी तुम्ही सांगितलं तसंच आहे. पण मला नाही आवडलं."

माघापासून पहिल्यांदा मी त्यांना हसताना बघितलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, खांद्यावरच्या पंच्याने डोळे पुसले, परत हसले.

"तिलापण नसतं आवडलं," ते म्हणाले.

मग त्यांनी वाडगा आपल्याकडे ओढून घेतला, हॉटेलवाल्याकडे आणखी एक रोटी मागितली, आणि त्यांचं जेवण होईपर्यंत मी समोर बसून पापड खात राहिले.