शिंगाळ्याचा खांदा

माझ्या पीएचडीचा विषय आहे माशाचा खांदा. हे ऐकलं की लोक हसतात, म्हणून मी आता स्वतःच आधी हसून घेते. आपले हात फार जुन्या कुठल्या तरी माशांच्या परांतूनच आले, हे सांगत बसायला वेळ कुणाला आहे?

शिंगाळा या माशाच्या खांद्याला जाड काटा असतो. तो उभा राहिला की कुलूप लावल्यासारखा अडकतो, दाबून मिटत नाही. हे कुलूप नेमकं कसं लागतं ते मला दाखवायचं होतं. त्यासाठी सांधा अख्खा हवा, आणि माझ्या हातून आतापर्यंत सगळे मोडले होते. सोमवारी गाइडना एक तरी द्यायचाच होता.

भाईंदर पश्चिमेच्या बाजारातली मासेवाली शिंगाळा हातात घेतला की आधी काटे उडवते. "लागंल ना बाय हाताला!" रविवारी तिच्या अगदी हातापाया पडून मी एक मोठं डोकं, त्याला जोडूनच असलेल्या खांद्यासकट आणि काट्यांसकट आणलं, फ्रिजमध्ये ठेवलं आणि बारीक ब्रश घ्यायला स्टेशनपलीकडे गेले.

परत येते तर घरभर कालवणाचा वास. आमच्याकडे माशाचं डोकं सासऱ्यांचं, हा कायदाच आहे. सासूबाई खुशीत म्हणाल्या, "बाबांसाठी आठवणीने आणलंस हो!"

"बाबा, चावू नका!" मी किंचाळलेच.

रडकुंडीला येऊन मी काय ते सांगितलं. बाबांनी ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "चावत नाही. पण खाऊ तर दे. कुठे जपायचं ते सांग."

मी शेजारी बसून बोट दाखवत होते, ते हाडं चोखत होते. शेवटी खांदा ताटात उरला, स्वच्छ, काटा खाचेतच. माझ्या चिमट्याने इतकं साफ कधी झालं नव्हतं. मी काटा उभा केला. "दाबा." बाबांनी दाबला. हलेना. जोर लावला, तरी हलेना. मी जरासा फिरवला, तसा अलगद मिटला.

बाबा लहान मुलासारखे हसले. एरवी नातेवाइकांना "सून कॉलेजात काहीतरी करतेय" एवढंच सांगणारा हा माणूस. डाव्या हाताने त्यांनी पुण्याच्या भावाला फोन लावला. "आमची सून काय शोधतेय माहितीये? अरे नाही, मासे विकत नाही ती! ऐक आधी."

आणि त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं बरोबर सांगितलं. कुठल्याही सेमिनारनंतर मला इतका आनंद झाला नव्हता.