माइक चालू होता

संध्याकाळच्या बाई म्हटलं की एके काळी आमच्या गावात आणखी ओळख सांगावी लागत नसे. स्थानिक रेडिओ केंद्रावरचा संध्याकाळचा तास त्यांचा. हवामान, बाजारभाव, हरवले-सापडले, मधूनमधून गाणी. मी काचेपलीकडच्या खोलीत यंत्रांवर बसायचो आणि त्यांना ताई म्हणायचो. लग्न त्यांनी केलं नाही. आई होती तोवर आईचं केलं, आई गेली तशा एकट्याच राहिल्या.

सुरुवातीचे दिवस काय सांगू. पत्रांची पोती यायची. ताईंना सर्दी झाली तर दुसऱ्या दिवशी लोक काढ्याच्या बाटल्या घेऊन फाटकाशी हजर. मग टेकडीवर टीव्हीचा मनोरा आला. आधी टीव्हीवरही आमच्या गावच्या बातम्या असायच्या, चिमूटभर का होईना. पुढे राजधानीतून येईल ते दाखवायचं ठरलं. रेडिओचंही तेच झालं. आमची सकाळ गेली, दुपार गेली, आणि आपला म्हणावा असा तेवढा एक तास उरला. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. आमच्या स्टुडिओतली खुर्ची लंगडी झाली, स्पीकर बंद पडला, आणि दुरुस्तीचं नाव काढलं की केंद्राचे साहेब खिडकीबाहेर बघायचे.

मग वरच्या कचेरीतून विचारणा आली, हा तास ऐकतं कोण? साहेबांनी आम्हा दोघांना बोलावून ताईंना सांगितलं, ऐकणारे दाखवा, नाहीतर महिनाअखेरीला हाही बंद. ताई काही लेच्यापेच्या नव्हत्या. लोक ऐकतात, लिहीत नाहीत इतकंच, असं त्यांनी तोंडावर सुनावलं. नळाला पाणी आलं म्हणून कोणी पत्र लिहितं का, म्हणाल्या. साहेब हसले. त्या हसण्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण नोकरी होती, राग गिळला.

त्याच आठवड्यातली गोष्ट. एक लांबलचक गाणं लावून मी चहा घेऊन स्टुडिओत गेलो. हे आमचं रोजचंच होतं. ताईंनी गाण्याचं नाव सांगायचं, माइकचा खटका खाली करायचा, आणि गाणं संपेपर्यंत आम्ही गप्पा मारायच्या. माइक चालू असला की खोलीतला स्पीकर आपोआप मुका होतो, त्यावरून माणसाला कळतं की आता तोंड सांभाळा. आमचा स्पीकर मात्र कायमचाच मुका. त्या दिवशी खटका खाली करायचा राहून गेला.

ताई चहा फुंकत बोलत होत्या. आई गेल्यापासून मला घरातल्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नाही बघ, म्हणाल्या. कोणी बाई म्हणतं, कोणी ताई. कधीकधी स्वयंपाक करताना मीच स्वतःला त्या नावाने हाक मारते, मीच ‘ओ’ देते, आणि मग माझी मलाच लाज वाटते. ते नाव त्यांनी म्हणूनही दाखवलं, आईच्या सुरात. मी कपात बघत बसलो.

घड्याळात गाणं संपायची वेळ होत आली तसा त्यांनी खटका वर करायला हात पुढे केला. तो वरच होता.

माझी पाचावर धारण बसली. ताईंचा चेहरा पांढराफटक पडला. तरी उरलेला कार्यक्रम त्यांनी कुठे न अडखळता पार पाडला, आणि मग आम्ही दोघं फोनशेजारी जाऊन बसलो. पूर्वी घड्याळाची वेळ सांगताना एक मिनिट चुकलं तर फोन खाली ठेवता येत नसे. आज तो गप्प. ताईंनी दोनदा रिसीव्हर उचलून पाहिला. चालू होता. वाचलो म्हणायचं, मी म्हणालो.

“वाचलो काय रे?” त्या म्हणाल्या. “शिव्या घालायला तरी कोणी हवं होतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी त्यावर उत्तर शोधून ठेवलं होतं. लोकांना ऐकून अवघडल्यासारखं झालं असणार, असल्या गोष्टीवर कोणी फोन करतं का? त्यांच्या राहत्या खोलीखाली शिंप्याचं दुकान. तिथे दिवसभर रेडिओ चालू, आणि संध्याकाळचा कार्यक्रम त्याने कधी सोडला नाही म्हणे. त्याच्याकडून साहेबांसाठी दोन ओळी लिहून घ्यायच्या. पण एकटीने जायची हिंमत होईना, म्हणून मला सोबत घेतलं. “बघ, तो मान वर करून माझ्याकडे बघणारसुद्धा नाही,” जाताना म्हणाल्या. आणि खरं सांगतो, त्यांच्या चालण्यात उत्साह होता.

शिंपी मशीनवर वाकला होता. फळीवर रेडिओ मोठ्याने चालू. आम्हाला बघून त्याने तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि चांगला तोंडभरून हसला.

“काल ऐकलंत?” ताईंनी विचारलं.

“म्हणजे काय. रोज ऐकतो.”

“काल काही वेगळं वाटलं?”

त्याने विचार केला. माणूस साधा, थापाड्या नव्हता. “नाही हो, बाई. नेहमीसारखंच. छान झालं.”

ताई फळीवरच्या रेडिओकडे बघत राहिल्या, तेव्हा तास बंद होणार असल्याचं मीच सांगितलं. त्याला खरंच वाईट वाटलं. मी लिहून देतो ना, रोज ऐकतो म्हणून, शेजारच्या दुकानदारांच्याही सह्या आणून देतो, असं म्हणत तो कागद शोधायला लागला. तेवढ्याने साहेबांचं तोंड बंद झालं असतं.

“नको,” ताई म्हणाल्या. “तुम्ही शिवा.”

तिथून त्या वर घरी गेल्या नाहीत. माझ्याबरोबर थेट केंद्रावर आल्या आणि साहेबांच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. साहेबांनी बसा म्हटलं, पण त्या बसल्या नाहीत.

“तास बंद करा,” त्या म्हणाल्या. “मी विचारून आले.”