आक्काचा अंगठा

तात्यारावाचा राग पिंगळीच्या आसपासच्या पाच-सात गावांना ठाऊक होता. रोजगार हमीच्या हजेरीपटावर मेलेल्या माणसांचे अंगठे सापडले, तेव्हा हा गडी तहसीलीच्या दारात पाच दिवस बसून राहिला. साहेबाच्या टेबलावर हात आपटून म्हणाला, "माणसाला इच्यारल्याबिगर त्याचा अंगठा उचलता? लाजा न्हाईत का?" शाळा चौथीपर्यंतच, पण कायदा चहाच्या हॉटेलात पेपर वाचून पाठ केलेला.

आणि याच माणसानं सख्ख्या बहिणीचा खोटा अंगठा लावला.

झालं असं. तीन एकर रान, बोअरला पाणी बरं, पण लाइटचा खांब रानापर्यंत कधी आलाच नाही. धूर ओकणाऱ्या डिझेल इंजनावर सगळं भिजवायचं. सरकारनं सौर पंपाची योजना काढली आणि तात्यारावानं अर्ज भरायला घेतला. ऑनलाईनवाल्या हरिओमनं सातबारा बघितला अन् मान हलवली.

"काका, सुलाबाईचं नाव हाय याच्यावर. सामाईक खातं. त्यांचं संमतीपत्र लागतंय बाँडवर."

"आक्का हाय माझी ती. सख्खी."

"असंल. पोर्टलला आक्का कळत न्हाई."

उद्या साइट बंद होणार अशी गावभर बोंब होती. आक्का गंगाखेडला, म्हणजे जाऊन येऊन दिवस मोडणार. तात्याराव तडकला. बहीण काय न्हाई म्हणणार हाय? बाप गेल्यावर तिचं नाव सातबारावर चढलं, तिनं कधी ढेकूळभर मागितलं नाही. आपल्याकडं बहिणीचा हिस्सा चोळीबांगडीत फिटतो आणि त्याबद्दल कोणी मोर्चा काढत नाही. त्यानंही काढला नव्हता.

त्यानं बायकोला, बायनाबाईला, बोलावून घेतलं.

"अवो, आक्काचा अंगठा मी कसा लावू?"

"लाव म्हणलं की लाव! आक्का अंगठाबहाद्दरच हाय, कुणाला काय कळतंय?"

बायनाबाईनं लावला. अर्ज गेला.

दोन महिन्यांनी सर्व्हे निघाला. सामाईक खातेदार रानात हजर पाहिजेत, असा निरोप आला. तात्यारावानं फोन केला तर आक्का खूश. "सूर्यावर मोटर? येते की!" पहिल्या एसटीनं आली. चहा पिता पिता म्हणाली, "तात्या, एक गंमत दाखवू?" पेपरच्या कडेला तिनं पेन धरलं आणि जीभ दातात दाबून एकेक अक्षर काढलं. सुलाबाई.

"बचत गटात शिकले. परवा बँकेत साहेबानं शाईचं पॅड पुढं सरकवलं. म्या म्हणलं, उचला ते."

तात्यारावानं अर्धा कप तसाच खाली ठेवला. बायनाबाई चुलीकडं तोंड करून बसली. आत्ता सांगावं, आत्ताच, असं त्याला वाटलं. पण अख्ख्या तहसीलीला घाम फोडणाऱ्या त्या तोंडातून निघालं, "चला, सर्व्हेवाला रानात आला असंल."

रानात सर्व्हेवाल्या पोरानं बोअर बघितलं, फोटो काढले, मग बाँड उघडला. "आजी, हा अंगठा तुमचाच ना?"

आक्कानं कागद हातात घेतला. बोट ठेवून आपलं नाव वाचलं. मग मागं उभ्या असलेल्या बायनाबाईकडं बघितलं. भावाकडं नाही.

"माजाच हाय."

"मग पंचनाम्यावर पण लावा."

पोरानं पॅड पुढं केलं. आक्कानं पदराला हात पुसला आणि अंगठा शाईत दाबला. तात्यारावाला वाटलं, याच्यापरीस तिनं चार लोकांत थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं. बांधावरून परतताना ती एवढंच म्हणाली, "सोड मला स्टँडाकडं." जेवायलाही थांबली नाही.

त्यानंतर माणूस खाणंपिणं विसरला. चहाच्या हॉटेलात लोक नवी तक्रार घेऊन यायचे, "तात्याराव, चला, भांडायचंय." हा म्हणायचा, "दुसरा कुणी बघा." रागवायचा हक्कच गेल्यासारखं झालं होतं.

शेवटी त्यानं नवा बाँड घेतला, त्यावर संमतीपत्र लिहून घेतलं आणि गंगाखेड गाठलं. आक्का दारात तूर निवडत बसलेली. तिनं ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

"आक्का, लय चुकलं. तो अंगठा बायनाचा हाय. जबरदस्ती मी केली. ह्याच्यावर तुझी खरी सही दे, पहिला कागद मी हापिसात जाऊन रद्द करतो. पंप गेला तर जाऊ दे."

"मी न्हाई म्हणले असते व्हय रे?"

"न्हाई."

"म्हणूनच इच्यारलं न्हाईस."

आक्कानं सूप बाजूला सारलं, बाँड मांडीवर घेतला. "बस. वाचू दे मला."

ती वाचू लागली. एकेक अक्षर लावायची, अडायची, मागं जायची. शिपायानं दोन मिनिटं थांबवलं तर आवाज चढवणारा तात्याराव ओट्यावर अर्धा तास गप बसला. मधे एकदा शब्द सांगायला गेला, तर तिनं हात वर केला.

वाचून झालं. तिनं कागदाची घडी घालून त्याच्या हातात दिली.

"ह्याच्यात पंप तुझा, पाणी तुझं, रान तुझं. माझी नुसती संमती. माझ्या वाट्याचं पाणी कुठं लिहिलंय?"

तात्यारावानं घडी उलगडून कागद वरपासून खालपर्यंत बघितला.

"लिहून आण. मग सही करते."

त्यानं कागद खिशात घातला. घराकडं जायची परभणीची एसटी लागायला अजून वेळ होता, पण तो उठला आणि बसस्टँडकडं चालू लागला.