आबांच्या ताटातलं गुलाबी मटण

कुकरची शिट्टी ऐकू आली आणि मी हातातला चिमटा टाकला.

बार्बेक्यूच्या किचनमध्ये कुकरला काही काम नसतं. स्टाफच्या डाळ-भातासाठी मीच तो ठेवू दिला होता. पण स्टाफ तर केव्हाच जेवला होता. मी मागच्या अंगणातल्या भट्टीजवळून धावत आत आलो. गॅसवर कुकर आणि शेजारी कंबरेवर हात ठेवून उभ्या सुनंदाताई, किचनमध्ये मदतीला ठेवलेल्या.

"ताई, आत काय आहे?"

"मटन."

"कुठलं मटण?"

"तुमचंच. कच्चं राहिलं व्हतं. आबांनी ताट सारलं. तीन शिट्ट्या देते, मग बगा कसं व्हतं."

पहाटेपासून धुरावर सांभाळलेला बकऱ्याच्या खांद्यांपैकी एक अख्खा या बाईने कुकरात घातला होता. रडावं की ओरडावं कळेना. मी ओरडलो. त्या जराही हलल्या नाहीत. "पावण्यांस कच्चं घालू? मना न्हाय जमायचं," एवढंच म्हणाल्या.

मी मूळचा रेवदंड्याचा. नोकरी जहाजावर केली, चीफ कुक म्हणून निवृत्त झालो. आता नव्या हॉटेलवाल्यांना मेन्यू बसवून देतो. दिवेआगरचा निलेश असाच माझ्याकडे आला. त्याला अमेरिकेच्या दक्षिणेकडचा बार्बेक्यू करायचा होता, सोबत बिअर. आपल्याकडे बार्बेक्यू म्हटलं की निखाऱ्यावर सळया दिसतात. हा तसा नाही. यात आग एका बाजूच्या पेटीत असते आणि मांस दुसऱ्या बाजूला, लोखंडी पिंपात. मधून फक्त धूर आणि मंद ऊब जाते. दिवसभर. घाई करणाऱ्याचं ते काम नाही.

जागा निलेशच्या वडिलांची, आबांची. वादळाआधी तिथे माड आणि सुपारीची वाडी होती. वादळाने ती आडवी केली. आबांना पुन्हा सुपारी लावायची होती. रोपं पिशव्यांत तयार होती. निलेशला हॉटेल हवं होतं. बरीच भांडणं झाल्यावर आबा म्हणाले, "एकदा तुज्याकडं जेवतो. मग सांगतो." ते जेवण आज होतं. गावातली, नात्यातली माणसं बोलावली होती. आबांनी मान हलवली तर हॉटेल, नाहीतर पावसाळ्यात सुपारी.

आणि आबांनी ताट सारलं होतं.

निलेश दारात येऊन उभा राहिला. चेहरा पार उतरलेला.

"काका, ते म्हणतात कच्चं आहे. आतून लाल दिसतंय."

"लाल नाही, गुलाबी. आणि आतून नाही, कडेने."

"मी सांगितलं. म्हणाले, मना शिकवू नको."

हा प्रकार धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. लाकडाच्या धुरामुळे मटणाच्या कडेला बोटाच्या पेराएवढी गुलाबी पट्टी येते. ती धुरावर नीट शिजल्याची खूण. कच्चं असतं तर मध्ये लाल राहिलं असतं. पण आपल्या माणसाला मटण म्हणजे गडद तपकिरी आणि वर तर्री. गुलाबी दिसलं की त्याचा हात थांबतो.

यावर उपाय मी एकदा पाहिला होता. आमचं जहाज दुरुस्तीसाठी अमेरिकेतल्या एका दक्षिणेकडच्या बंदरात बरेच दिवस अडकलं होतं. तिथल्या गोदीच्या गेटवरचा म्हातारा वॉचमन सुट्टीच्या दिवशी डुकराचा खांदा धुरावर लावायचा. त्याच्याजवळ बसून मी हे काम शिकलो. जहाज निघाल्यावर फिटरने पिंप उभं कापून दिलं आणि पुढच्या रविवारी मी डेकवर भट्टी लावली. आमचा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, दापोलीचा. त्याने ताट बघितलं आणि खाली ठेवलं. मागोमाग सगळ्यांनी ठेवली. तेवढ्यात कॅप्टन आला, बोसनशेजारी दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसला आणि त्याच्याच ताटातला तुकडा उचलून खाल्ला. मग दुसरा उचलला. पाच मिनिटांत पिंप रिकामं.

त्यानंतर दर महिन्याचा एक रविवार ठरून गेला. बाँडेड स्टोअरमधून, म्हणजे जहाजावरच्या कुलूपबंद कोठारातून, माणशी दोन कॅन बिअर निघायची. कॅप्टनपासून इंजिनरूमच्या पोऱ्यापर्यंत सगळे एका रांगेत. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत ते गेलं. जहाजावर बिअर बंद झाली, माणसं कमी झाली, जो तो ताट घेऊन केबिनमध्ये मोबाइलसमोर. रिकाम्या मेसमध्ये मी एकटा जेवायचो. त्या रविवारांची आठवण आली की मला अजून भरून येतं.

असो. मी ॲप्रन काढला आणि बाहेर गेलो.

आबा टेबलाशी ताठ बसले होते. मटण तसंच. पण पुढचा छोटा ग्लास रिकामा. निलेशने प्रत्येक पदार्थाला वेगळी बिअर लावली होती, याला पेअरिंग म्हणतात. चिकनबरोबर गव्हाची, हलकी. मटणाबरोबर काळी, कडवट. आबांनी गव्हाची संपवली होती.

"ही बरी हाय," ते म्हणाले. "आंबूस. आपल्या माडाची सकालची माडी अशीच लागायची."

"आणि मटण?"

"तू आचारी काय? कच्चं हाय ते."

मी खुर्ची ओढली, त्यांच्या ताटातला गुलाबी कडेचा तुकडा उचलला आणि तोंडात टाकला.

"अरं, उष्टं हाय ते!"

"मीच शिजवलंय, आबा. मला कसलं उष्टं?"

मी दुसरा तुकडा उचलला. आबा माझ्याकडे बघत राहिले.

"कुठचा तू?"

"रेवदंड्याचा."

"मग तुज्या घरात असं कच्चं खातात?"

"माझ्या घरात हे अजून मलासुद्धा कुणी खाऊ देत नाही."

ते हसले. मी तिसऱ्या तुकड्याकडे हात नेला तसा त्यांनी ताट स्वतःकडे ओढलं. "सगलं तूच खाशील," म्हणाले आणि एक घास घेतला. बराच वेळ चावला. मग मी काळ्या बिअरचा ग्लास पुढे केला.

"कडू हाय."

"घास गिळून मग घोट घ्या."

चरबी जिभेवर बसते, कडू घोट ती धुऊन काढतो, पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. एवढंच त्या पेअरिंगचं शास्त्र. आबांना ते समजावायची गरज पडली नाही. त्यांनी पुढचा घास घेतला, मग त्यापुढचा.

एव्हाना सुनंदाताईंनी कुकरातल्या मटणाचा रस्सा करून दोन टेबलांवर पोचवलासुद्धा होता. लोक भाकऱ्या मागत होते. तो रस्सा मी नंतर गुपचूप चाखला. चांगला होता. हे त्यांना मी अजून सांगितलेलं नाही.

आबांचं ताट रिकामं झालं. निलेश खांबापाशी उभा होता. जवळ यायची त्याची हिंमत होत नव्हती. आबांनी मान वळवून सगळीकडे पाहिलं. माणसं खुर्च्यांत रेलून बसली होती. कोणी उठत नव्हतं.

"जेवून झालं तरी ही बसल्यात का?"

"गप्पा मारतायत, आबा," निलेश म्हणाला.

"सुपारी सोलायला माणसं अशीच बसायची. ह्याच जाग्यावर. तुजी आई चा घेऊन फिरायची." त्यांनी रिकामा ग्लास टेबलावर फिरवला. "वादल झालं तवापासून इथं कोन बसलंच न्हाय."

  आबांनी टॉवेलने तोंड पुसलं, त्या निमित्ताने डोळेही.

"ती रोपं उद्या शेजारच्या गणूच्या वाडीत धाडून दे," ते म्हणाले. "हितं पिशवीत सुकतील."

निलेशने नुसती मान हलवली आणि भट्टीतली आग बघायला म्हणून मागे गेला. आग विझून बराच वेळ झाला होता.

आता नवीन हॉटेलवाला आला की मी त्याला दोन गोष्टी सांगतो. मटण गुलाबी दिसेल हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा. आणि सांगून त्याला पटणार नाही, तेव्हा त्याच्या टेबलाशी एक जादा खुर्ची ठेवा.